नऊ जणींचं एकच कार्ड

उन्हाळा आला की मला राग येतो.

इथे, दक्षिण गोलार्धात, उन्हाळा म्हणजे डिसेंबर. पुण्यात माळ्यावरून स्वेटर खाली येतात तेव्हा इथे पोहुतुकावाच्या झाडांना लाल तुरे फुटतात. डेअरीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या दारात पोरं जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटकवत आइस्क्रीमसाठी उभी असतात. आणि शनिवारी सकाळी खेळाच्या मैदानावरून ताज्या कापलेल्या गवताचा आणि सनस्क्रीनचा मिळून एक वास येतो. बाकीच्यांना त्या वासाने सुट्टी आठवत असेल. माझी कानशिलं तापतात. वीसेक वर्षं होत आली. मिलिंद म्हणतो, "अगं, आता सोड की." मिलिंद माझा नवरा. सोडून देण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. मला ते जमत नाही, आणि खरं सांगायचं तर जमवायचंही नाही.

दोन हजार पाच-सहाचा तो उन्हाळा. टाकानिनीत घर घेऊन आम्हाला जेमतेम चार महिने झाले होते. वसाहत इतकी नवी, की रस्त्यांना नावं होती पण सावली नव्हती. पुण्यात मी अकरा वर्षं जाहिरातीच्या धंद्यात काढली होती. खोकी, पाकिटं, लेबलं. दुकानात हात आपोआप ज्या डब्याकडे जातो, तो डबा तसा का दिसतो, हे माझं काम. इथे नोकरी शोधून देणाऱ्या बाईंनी माझी जाडजूड फाइल शेवटपर्यंत चाळली आणि गोड हसून विचारलं, "छान आहे हं. पण इथला अनुभव?" मग ईस्ट टामाकीच्या एका लेबलांच्या कारखान्यात लागले. मधाच्या बाटल्या, मांसाची पाकिटं, शांपू. दुसऱ्यांनी केलेल्या डिझाइनमधल्या चुका काढायच्या आणि छपाईच्या प्लेटा तयार करायच्या. गळ्यातल्या बिल्ल्यावर 'ॲना' असं नाव छापून आलं. अनुराधा लांबलचक होतं म्हणे. मी बदलून मागितलं नाही. नवीन माणूस काय काय बदलून मागणार?

त्या कारखान्यात मला पहिल्या दिवशी "तुझं खरं नाव काय?" असं विचारणारी एकच बाई भेटली. ती ङायरे. आपल्या मुळाक्षरांत तो 'ङ' आहे ना, शाळेत घोकून घोकून पाठ केलेला आणि पुढे आयुष्यभर कुठेच न लागलेला, तो तिच्या नावाच्या सुरुवातीलाच आहे. बाकी सगळे तिला सरळ 'नायरी' म्हणून मोकळे होत. मी पहिल्याच फटक्यात 'ङ' काढला तेव्हा तिने हातातला कप खाली ठेवला. "कुठे शिकलीस हे?" "पहिलीत," मी म्हटलं. मैत्री तिथे झाली.

ङायरे तेव्हा पंचावन्नची असेल. माओरी, म्हणजे या देशातल्या मूळ लोकांपैकी, धिप्पाड, कमी बोलणारी. लेबलांची मोठी रिळं कापून त्यांची लहान करायची, हे तिचं काम. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती, शेवटच्या पेरापाशी बाहेर वळलेली. मशिनमध्ये सापडली असतील असं मी धरून चालले. विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

माझी मुलगी सई तेव्हा अकरा वर्षांची होती. वर्गातल्या मैत्रिणी सॉफ्टबॉल खेळायच्या म्हणून तीही जवळच्या क्लबात जायला लागली. सॉफ्टबॉल ही बेसबॉलची बहीण. मैदान लहान, चेंडू मोठा, आणि चेंडू टाकणारी हात खालून फिरवून टाकते. बाकी तेच: टोला मारायचा आणि मैदानाच्या तीन कोपऱ्यांवरच्या बेसना पाय लावून घरी परत यायचं. सई बहुतेक वेळ बाकावर बसायची आणि तरीही खूश असायची. मी तिला सोडायला जायचे आणि बसून राहायचे. अशा ठिकाणी नुसतं बसून राहणाऱ्या आईला लवकरच काहीतरी काम चिकटतं.

मला ते ग्रॅहमने चिकटवलं. क्लबला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती आणि ग्रॅहम त्या समितीचा अध्यक्ष होता. सत्तरीकडे झुकलेला, पांढऱ्या भुवयांचा, सगळ्या मुलांची नावं लक्षात ठेवणारा. तो वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण वाईट माणसांचा राग पटकन येतो आणि पटकन जातो.

"ॲना, तू छपाईत आहेस ना? आम्हाला जरा मदत हवी आहे. तू फक्त छान दिसेल असं कर."

अमेरिकेत बेसबॉलचा एक घरबसल्या खेळायचा खेळ असतो. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, कार्डावर छत्तीस चौकोन. एक लाल फासा, एक पांढरा. लालावर तीन आणि पांढऱ्यावर पाच पडले, तर 'तीन-पाच'च्या चौकोनात बघायचं. तिथे लिहिलं असेल ते घडलं: टोला, झेल, बाद. जो खेळाडू खरोखर चांगला खेळायचा, त्याच्या कार्डात टोल्यांचे चौकोन जास्त. म्हणजे फासे नशिबाचे, पण कार्ड कर्तृत्वाचं. ग्रॅहम आणि त्याचे दोस्त वर्षानुवर्षं हा खेळ खेळत आले होते. आता पन्नाशीनिमित्त त्यांनी आपल्या क्लबच्या जुन्या खेळाडूंची कार्डं करायची ठरवली होती. खोक्यात घालून विकायची, जमेल ते मैदानासाठी वापरायचं. मला कल्पना फार आवडली. घरी येऊन मी ग्रॅहमने दिलेला कच्चा मसुदा जेवणाच्या टेबलावर पसरला.

तीसेक कार्डं होती. बॅरी, डग, केविन, स्वतः ग्रॅहम. अलीकडच्या दोन मुली, देशाच्या संघात गेलेल्या. आणि शेवटी एक कार्ड, ज्यावर फोटोच्या जागी वेणी घातलेल्या बाईची काळी सावली होती आणि खाली लिहिलं होतं: 'महिला संघ'.

ज्या काळातली बॅरी, डग आणि केविनची कार्डं होती, त्याच काळातला महिलांचा संघ. बारा वर्षं हा संघ खेळला. सगळ्या बायकांना मिळून एक कार्ड. चौकोनही असे भरलेले, की धड चांगले नाहीत, धड वाईट नाहीत. पाहुण्यांना वाढायला उरलेल्या भाज्या एकत्र कराव्यात तसे.

सई माझ्या खांद्यावरून बघत होती. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आमचं घर असंच चालतं. "बट आई," ती म्हणाली, "हाऊ कॅन नाईन पीपल बॅट विथ वन कार्ड?"

अकरा वर्षांच्या मुलीला जे दिसलं, ते समितीतल्या सहा माणसांना दिसलं नव्हतं.

सोमवारी सकाळच्या चहाच्या सुट्टीत, म्हणजे स्मोकोला, मी ही गोष्ट ङायरेला रंगवून सांगितली. सावली, वेणी, एकच कार्ड. मला वाटलं, ती हसेल. ती बिस्किट चहात बुडवून बसली. बिस्किट तुटून कपात पडलं तरी तिने पाहिलं नाही.

"कोणता क्लब म्हणालीस?"

मी नाव सांगितलं.

"ते आम्ही," ती म्हणाली. "मी कॅचर होते." आणि ती वाकडी बोटं तिने टेबलावर पालथी ठेवली. "ही तिथली."

कॅचर म्हणजे टोला मारणाऱ्या बाईच्या मागे उकिडवी बसून प्रत्येक चेंडू झेलणारी. क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखी, पण त्याहून जास्त जाच. प्रत्येक चेंडूला बसायचं, उठायचं. कुणी चोरून पुढच्या बेसकडे पळायला लागली, तर गुडघ्यावरूनच चेंडू फेकून तिला बाद करायचं. हे तिने बारा उन्हाळे केलं होतं. दिवसभर कारखान्यात उभं राहून, घरी चार मुलं. आणि क्लबच्या भिंतीवरच्या सोनेरी अक्षरांच्या फळीवर तिचं नाव नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी महिनाभर त्या फळीखाली बसून सॉसेज खात होते.

"तू काही बोलली नाहीस कधी?"

"कुणी विचारलं नाही," ती म्हणाली आणि मशिनकडे गेली.

पुढच्या शनिवारी मी ग्रॅहमला गाठलं. तो शेगडीवर कांदा परतत होता. म्हटलं, बायकांची वेगळी कार्डं करू या. त्याने मान हलवली, अगदी हळहळून. "मलाही आवडलं असतं गं. पण नोंदीच नाहीत. आकडे नसले तर कार्ड कसं करणार?"

"मग बॅरीचे आकडे कुठून आले?"

"बॅरी?" तो हसला. "बॅरी काय मारायचा ते सगळ्यांना माहीत आहे!"

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. पुरुषांना आठवण पुरते, बायकांना पुरावा लागतो. आणि पुरावा कुठे ठेवायचा, तो शोधायचा की नाही, हे ठरवणारेही तेच, आठवणीवर ज्यांची कार्डं झाली ते. मी पुण्यात अशी माणसं पाहिली होती. नोकरी शोधून देणाऱ्या बाईंच्या हसण्यातही तेच होतं. पण इथे ते इतक्या प्रेमाने, कांदा परतता परतता सांगितलं गेलं, की माझ्या हातातली कागदी ताटली चुरगळली.

नोंदी होत्या. क्लबच्या सामानाच्या शेडमध्ये, फाटलेल्या बेसच्या गाद्यांखाली एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. उंदरांनी एक कोपरा खाल्लेला. हे मला ङायरेनेच सांगितलं. कारण ते खोकं तिथे ठेवणारी, संघाचा धावफलक लिहिणारी बाई तिची आतेबहीण होती. आत चौदा वह्या होत्या. शेडची किल्ली मुलांच्या प्रशिक्षकाकडे असायची, त्याने सहज उघडून दिली. ग्रॅहमचं घर तिथून चालत पाच मिनिटांवर होतं.

नाताळात कारखाना बंद झाला. लोक टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घेऊन समुद्रावर गेले. मी घरामागच्या लाकडी ओट्यावर छत्री लावून त्या वह्या वाचत बसले. दुपारभर. मिलिंद लिंबाचं सरबत आणून द्यायचा आणि उभ्या उभ्या सल्ला द्यायचा. "अनु, आपण इथे नवीन. कशाला कुणाच्या डोळ्यावर यायचं? तुझा काय संबंध?"

"माझाच संबंध," मी म्हणायचे. कसा, ते मात्र मला तेव्हा नीट सांगता यायचं नाही.

सॉफ्टबॉलच्या वहीत नावं कमी आणि आकडे जास्त असतात. प्रत्येक जागेला एक क्रमांक. चेंडू टाकणारी एक, कॅचर दोन, असं नऊपर्यंत. कुणी कुणाकडे फेकून कुणाला बाद केलं, ते त्या क्रमांकांत लिहायचं. सुरुवातीला मला ती चौकटींची नुसती जाळी दिसली. मग हळूहळू पानं बोलायला लागली. आणि पानापानावर, पेन्सिलीने, बारीक, ठाम अक्षरात: दोन-सहा. दोन-चार. दोन-सहा. दोन-पाच. प्रत्येक वेळी चोरून पळणारी एक बाई, आणि प्रत्येक वेळी गुडघ्यावरून सुटलेला ङायरेचा चेंडू. जिच्याबद्दल नोंदच नाही म्हणत होते, तिच्यावाचून एक पान नव्हतं.

आठ-दहा दिवस मी मोजत होते. नऊ जणी मुख्य होत्या, वर्षानुवर्षं त्याच. काहींची फक्त टोपणनावं, एकीचं नुसतं 'मिसेस टी.'. ती ङायरेच्या शेजारची तेरेसा निघाली. छत्तीस पाळ्यांत कोण किती वेळा बेसवर पोचायची, किती वेळा बाद व्हायची, ते काढून चौकोन भरायला लागले, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ग्रॅहमच्या कार्डांचा साचाच चुकीचा होता. त्यात फक्त टोले मोजले जायचे. बॅरीसारख्यांसाठी तो उत्तम. पण जिने झेललं, अडवलं, फेकलं, ती त्या साच्यात कितीही ओतली तरी रिकामीच निघणार. मग मी कार्डाला मागची बाजू दिली. पुढे बॅटिंगचे छत्तीस चौकोन, मागे क्षेत्ररक्षणाचे छत्तीस. समोरच्या संघाची बाई चोरून पळाली, तर कार्ड उलटायचं, फासे टाकायचे आणि कॅचर काय करते ते बघायचं. फोटो नव्हते, तर सावली लावायची नाही असं ठरवलं. त्याऐवजी प्रत्येकीच्या कार्डावर वहीतली तिची एक खरी ओळ स्कॅन करून लावली, पेन्सिलीच्या डागांसकट. आणि वर मोठ्या अक्षरात पूर्ण नाव. ॲना, नायरी, मिसेस टी. असलं काही नाही.

या देशात आल्यापासून पहिल्यांदा मी माझं काम करत होते.

जानेवारीत, पापाकुरातल्या ङायरेच्या स्वयंपाकघरात मी तिच्यासमोर तिचं कार्ड ठेवलं. तिने तळलेला पाव आणि सरबतासारखा गोड चहा दिला होता. तिने चष्मा लावला. नावावरून बोट फिरवलं. पेन्सिलीची ओळ पाहून म्हणाली, "हे माझ्या आतेबहिणीचंच अक्षर." मग तिने चौकोन मोजायला सुरुवात केली. ओठ हलत होते. कार्ड उलटलं, मागचे मोजले. पुन्हा पुढचे मोजले.

"हे कोण आहे?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"मी इतकी मारत नव्हते. दोन टोले जास्त आहेत. आणि मागे तो सुटलेला चेंडू कुठे गेला?"

तिने बरोबर पकडलं होतं. रागाच्या भरात मी तिला पुढे दोन टोले वाढवून दिले होते. आणि मागचा एक चौकोन गाळला होता. कॅचरच्या हातून निसटणाऱ्या चेंडूंचा. एका वर्षी विभागाच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या डावात, बरोबरी असताना तिच्या हातून चेंडू निसटला आणि समोरची बाई घरी पोचली. वहीत त्याची खूण होती. मला वाटलं होतं, इतकं सोसलेल्या बाईला एवढं माफ असावं.

"तो चेंडू माझ्या ग्लव्हमध्ये होता," ङायरे म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मी तिला इतकी संतापलेली कधी पाहिली नाही. "ऊन डोळ्यांवर नव्हतं. पाऊस नव्हता. होता आणि गेला. आठही जणी माझ्याशी एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. ते तू पुसून टाकलंस?"

"मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"ग्रॅहमने मला खोडलं. तू माझ्या जागी दुसरीच कुणी काढलीस. फरक काय?" तिने कार्ड माझ्याकडे सरकवलं. "कौतुक नको मला, अनुराधा. बरोबर आकडे दे."

गाडीत बसल्यावर मी पाच मिनिटं किल्लीच फिरवली नाही. ग्रॅहमवर इतके दिवस तापत होते, आणि मी काय केलं? 'बॅरी काय मारायचा ते सगळ्यांना माहीत आहे' आणि 'ङायरेने काय सोसलं ते मला माहीत आहे' यांत अंतर कितीसं? दोन्ही वेळा खरी बाई बाजूलाच राहिली. माझा राग खरा होता, पण तो तिच्यासाठी होता की 'इथला अनुभव' विचारणाऱ्या बाईंवरचा होता, हे मी स्वतःला पहिल्यांदा विचारलं. अजूनही त्याचं पूर्ण उत्तर मी देऊ शकत नाही.

नऊची नऊ कार्डं मी पुन्हा केली. प्रत्येक आकडा दोनदा तपासला. ङायरेचे दोन टोले गेले, निसटलेल्या चेंडूचा चौकोन आला. गंमत म्हणजे बरोबर आकड्यांचं तिचं कार्ड जास्त भारी दिसायला लागलं. मागच्या बाजूला बाद, बाद, बाद, आणि मध्ये तो एक चौकोन. विश्वास बसावा असं कार्ड.

ती घेऊन मी ग्रॅहमकडे गेले. वह्याही नेल्या. त्याने दोन पानं उलटली. "कमाल केलीस. पण ॲना, खोक्यात तीसच कार्डं मावतात. आणि खरं सांगू, हे कोण विकत घेणार? यांना कोण ओळखतं?"

"कार्ड नाही म्हणून ओळखत नाहीत."

"पुढच्या वेळी बघू. प्रॉमिस."

मी म्हटलं, पुढच्या वेळी नाही. या नऊ जणी खोक्यात असतील तर माझं डिझाइन वापरा, नाहीतर माझं काहीच वापरू नका. इंग्रजीत भांडायची मला सवय नव्हती. व्याकरण सांभाळावं की राग, कळत नव्हतं. ग्रॅहमने वही पुन्हा उघडली. मला वाटलं, आता तो विचार करेल. तो म्हणाला, "नो वरीज. डगच्या जावयाला येतं कॉम्प्युटरचं."

इतकं सोपं होतं ते. खोकी छापून आली. तीस कार्डं, शेवटचं 'महिला संघ'. सावलीची वेणी तेवढी काढून टाकली होती.

आमच्या कारखान्याच्या व्यवस्थापकाला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, कडेचा जो पुठ्ठा आपण फेकतो त्यावर छाप, शनिवारी मशिन रिकामं असतं. मी छापली. कापायचं काम मात्र ङायरेने कुणाला करू दिलं नाही. एकेक कार्ड सुरीखाली सरळ धरून, त्या वाकड्या बोटांनी.

मार्चमध्ये, हंगाम संपताना, क्लबची पन्नाशी साजरी झाली. भर दुपार, मंडप, बँड, भाषणं. ग्रॅहमच्या भाषणात 'आणि अर्थातच आपल्या भगिनी' असं एकदा आलं. मंडपाच्या एका टोकाला घडीच्या टेबलाभोवती सात म्हाताऱ्या बसल्या होत्या. नऊपैकी दोघी गेल्या होत्या, त्यांच्या मुली आल्या होत्या. मी कार्डं मांडली आणि मागे सरले. मला वाटलं होतं, कुणाच्या डोळ्यांत पाणी येईल.

आलं नाही. भांडण सुरू झालं.

"मी याच्यापेक्षा चांगली मारायचे!" तेरेसा म्हणाली.

"तू? तुला चेंडू दिसायचा तरी का?"

"वही आणा! वही कुठे आहे?"

मी वही पुढे केली. पानं उलटली गेली, चष्मे बदलले गेले, तेरेसाने बोटं मोजली आणि शेवटी म्हणाली, "बरोबर आहे. सालं बरोबर आहे." मग त्या सगळ्या इतक्या मोठ्याने हसल्या, की बँडवाल्यांनी वळून पाहिलं. एक मुलगी तिच्या आईचं कार्ड हातात धरून विचारत होती, "मम इतकी जोरात पळायची?" आणि चौघी जणी एकदम तिला सांगायला लागल्या होत्या. सई माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच मराठीत म्हणाली, "आई, या खऱ्या आहेत." मराठीत. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, नाहीतर ती लाजली असती.

मग त्यांनी खेळ मांडला. नऊ जणी विरुद्ध खोक्यातले पुरुष. गर्दी जमली. ग्रॅहमही आला, उत्साहाने, स्वतःचं कार्ड स्वतः खेळायला. त्याचा खेळाडू पहिल्या बेसवर पोचला. त्याने चोरून पळायचं ठरवलं. ङायरेने तिचं कार्ड उलटलं, फासे टाकले. बाद. पुढच्या डावात पुन्हा. बाद.

"फासे काय आज!" ग्रॅहम म्हणाला.

"फासे नाहीत," ङायरे म्हणाली. "चौकोन मोज."

त्याने मोजले. मोजता मोजता त्याचं हसू जरा कमी झालं, एवढंच. सामना बायकांनी एका धावेने गमावला. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

संध्याकाळी मंडप उतरवताना ग्रॅहम माझ्याकडे आला. "भन्नाट झालं हे, ॲना. ही कार्डं इथेच राहू दे. काचेच्या कपाटात लावू, करंडकांशेजारी."

मी हो म्हणणारच होते. कपाटात उजेड कुठून येतो ते बघायलाही लागले होते. इतक्यात ङायरेने टेबलावरची कार्डं गोळा केली आणि एकेकीच्या हातात तिचं तिचं दिलं. मुलींच्या हातात त्यांच्या आयांची. आपलं स्वतःचं पर्समध्ये ठेवून तिने चेन लावली.

"क्लबला हवी असली तर क्लबने मागायला यावं," ती ग्रॅहमला म्हणाली. "घरी. नऊही घरी. माफी मागायची गरज नाही. नाव नीट उच्चारून मागितलं तरी पुरे."

ग्रॅहम हसला. त्याला ती चेष्टा वाटली.

सई आता वेलिंग्टनला असते. ग्रॅहमनंतर समितीत माणसं बदलली, नवी तरुण माणसं आली, चांगली आहेत. मध्यंतरी त्यांच्या चिटणीस बाईंचं मला पत्र आलं. क्लब नवं खोकं काढतोय, या वेळी 'महिलांच्या वारशाला' खास जागा आहे, ती कार्डं फार सुंदर होती असं ऐकलंय, फायली पाठवाल का? मी लिहिलं, फायली माझ्याकडे आहेत, परवानगी माझ्याकडे नाही. आणि नऊही घरांना विचारून, नऊ पत्ते सोबत जोडले. प्रत्येक नावापुढे ते कसं उच्चारायचं तेही लिहिलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: थँक्स हीप्स, नक्की बघू.

सगळ्यात लांबचं घर क्लबपासून गाडीने पंचवीस मिनिटांवर आहे. सगळ्यात जवळचं, तेरेसाच्या मुलीचं, मैदानाच्या कुंपणाला लागून. तिच्या ओट्यावरून होम प्लेट दिसते, ङायरे जिच्यामागे उकिडवी बसायची ती.

अजून एकाही दारावर कुणी गेलेलं नाही.